उस्मानियाची पदवी आणि मातृभाषेचा प्रश्न

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणही मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून द्यावे, असा आग्रह धरला. २०२१मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी घ्यायला परवानगी मिळाली. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर अधूनमधून चर्चा रंगते. एक बाजू म्हणते, विज्ञान आपल्या भाषेत शिकवणे अशक्य आहे, शब्द कुठून आणणार, पुस्तके कुठून आणणार? दुसरी बाजू म्हणते, हा ऐतिहासिक प्रयोग आहे, देशात पहिल्यांदाच होतोय.

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या एका विद्यापीठाने इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र असे सगळे विषय पदवीपर्यंत एका भारतीय भाषेतून शिकवले. पुढे कायदा, वैद्यक आणि अभियांत्रिकीही त्याच भाषेतून शिकवले. हे जवळपास तीस वर्षे चालले. भाषा होती उर्दू, विद्यापीठ होते हैदराबादचे उस्मानिया, आणि आजचा मराठवाडा त्या राज्याचा भाग होता. म्हणजे हा इतिहास परक्या मुलखाचा नाही. त्याची एक मोठी कार्यशाळा तर औरंगाबादेत होती.

मराठी वाचकाला उस्मानियाचे नाव बहुधा निज़ामी राजवट, रझाकार आणि मुक्तिसंग्राम या संदर्भात ठाऊक असते. उर्दू वाचकाला ते हरवलेल्या सुवर्णयुगासारखे आठवते. दोघांच्याही आठवणीत तथ्य आहे, पण दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात. म्हणून ती सलग पाहायला हवी.

पदवी म्हणजे इंग्रजी

१८५७मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचे काम महाविद्यालयांनी करायचे. बीए म्हणजे काय, कोणते विषय, किती पेपर, हे सारे या साच्यातून ठरले. माध्यम अर्थातच इंग्रजी. देशी भाषांना त्यात दुय्यम स्थान होते. मुंबई विद्यापीठात तर मराठीला परीक्षेचा विषय म्हणून जागा मिळावी, यासाठी न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. मराठी हे माध्यम व्हावे, ही तर फार दूरची गोष्ट.

त्याआधी वेगळी वाट सापडली होती. जुन्या दिल्ली कॉलेजात १८४०च्या दशकात उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवले जात होते. त्यासाठी भाषांतर मंडळ होते, छापील पाठ्यपुस्तके होती. मास्टर रामचंद्र हे तिथले गणिताचे शिक्षक. त्यांच्या गणितावरच्या ग्रंथाची दखल ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने घेतली आणि १८५९मध्ये तो लंडनहून पुन्हा छापला गेला. पण १८५७च्या उठावात हे कॉलेज उद्ध्वस्त झाले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, तरी जुना जोम परतला नाही, आणि १८७७मध्ये ते बंद पडले.

महाराष्ट्रात ही वाट पुन्हा धरली ती महर्षी कर्वे यांनी. १९१६मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले. त्याचे माध्यम मराठी होते. पदवीचे नावही बीए ठेवले नाही. 'गृहीतागमा' असे ठेवले. सरकारी मान्यता नसताना, लोकवर्गणीवर चाललेला तो प्रयोग होता. त्यानंतर दोनच वर्षांनी हैदराबादेत जे घडले, त्याच्यामागे मात्र एका मोठ्या संस्थानाची तिजोरी उभी होती.

मुंबईकराचा अर्ज

उस्मानियाची कल्पना कागदावर मांडणारा माणूस हैदराबादचा नव्हता. अकबर हैदरी १८६९ साली मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले. घराणे सुलेमानी बोहरा. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या नात्यातले. हिशेब खात्यातली नोकरी करता करता ते हैदराबादच्या सेवेत गेले आणि तिथे शिक्षण खात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. म्हणजे उर्दू विद्यापीठाचा हा शिल्पकार मुंबईच्या इंग्रजी शिक्षणात घडलेला होता. कदाचित म्हणूनच त्या शिक्षणाची उणीव त्यांना नेमकी दिसली.

त्यांच्या अर्जाचा गाभा साधा होता. विद्यार्थ्याची सगळी शक्ती परकी भाषा पेलण्यात खर्च होते. विषय समजण्याऐवजी तो पाठ करतो. शिकलेला वर्ग आणि बाकीचा समाज यांच्यात दरी पडते, कारण शिकलेला माणूस आपले ज्ञान घरच्या भाषेत सांगू शकत नाही. यावर उपाय म्हणून ज्ञानाचे माध्यम उर्दू असावे, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय म्हणून राहावी.

२६ एप्रिल १९१७ रोजी सातवे निज़ाम मीर उस्मान अली खान यांनी विद्यापीठ स्थापण्याचे फरमान काढले. १९१८मध्ये सनद मिळाली. हबीबुर्रहमान खान शेरवानी पहिले कुलगुरू झाले. रवींद्रनाथ टागोरांनी या प्रयत्नाचे मनापासून स्वागत केले, कारण परक्या भाषेतल्या शिक्षणाबद्दल त्यांचीही हीच तक्रार होती.

ऑगस्ट १९१९मध्ये इंटरमीजिएटचे वर्ग भरले. बशीरबाग भागातल्या एका बंगल्यात, २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक यांच्यानिशी. सुरुवातीला कला आणि दीनियात (धर्मशास्त्र) या दोनच विद्याशाखा होत्या. हा बंगला निज़ाम कॉलेजच्या शेजारी होता, हे इथे लक्षात ठेवावे. या शेजाऱ्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

आधी पुस्तके, मग वर्ग

उस्मानियाची सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिथला क्रम. आधी घोषणा, मग वर्ग, आणि पुस्तके जमतील तशी, असे तिथे झाले नाही. वर्ग भरण्याच्या दोन वर्षे आधी, १९१७मध्येच, दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. त्याची जबाबदारी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे दिली गेली. पुढे सारा उर्दू जगत त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणू लागला.

अब्दुल हक हापुडचे, अलीगढचे पदवीधर. हैदराबाद राज्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करत ते औरंगाबादेत राहिले होते. १९१२मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि संस्थेचे दफ्तर त्यांनी औरंगाबादला आणले. तिथून १९२१मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झाले. अखिल भारतीय उर्दूचा कारभार कित्येक वर्षे दिल्ली-लखनौहून नाही, तर मराठी मुलखातल्या एका शहरातून चालला. या माणसाने मराठीवर फारसीच्या प्रभावाबद्दल उर्दूत पुस्तक लिहिले, ही गोष्टही मराठी वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

दारुल तर्जुमात कोण कोण होते, हे पाहिले की आश्चर्य वाटते. 'उमराव जान अदा' लिहिणारे मिर्झा हादी रुसवा तिथे भाषांतरकार होते. कुराणाचे भाष्यकार म्हणून पुढे नाव कमावलेले अब्दुल माजिद दरियाबादी सुरुवातीच्या काळात होते. जोश मलिहाबादी १९२०च्या दशकात आले. भाषांतराची भाषा तपासणे हे त्यांचे काम. नज़्म तबातबाई, वहीदुद्दीन सलीम, अब्दुल्ला इमादी असे भाषापंडित होते. कवी, कादंबरीकार आणि आलिम मंडळी एकत्र बसून इतिहास, तर्कशास्त्र आणि पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तके तयार करत होती.

खरा पेच होता परिभाषेचा. इंग्रजी शब्दाला उर्दूत काय म्हणायचे? त्यासाठी समिती होती. तिच्यात त्या त्या विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार असे दोघेही बसत. तिथे दोन तट पडले. एक म्हणे, शास्त्राचे शब्द अरबीतूनच घ्यावेत. अरबीची मुळे समृद्ध आहेत, परंपरा आहे. दुसरा तट वहीदुद्दीन सलीम यांचा. त्यांचे म्हणणे, उर्दू ही इथली, आर्य कुळातली भाषा आहे. तिचा स्वभाव अरबीचा नाही. तेव्हा शब्द घडवताना हिंदी आणि फारसी उपसर्ग-प्रत्यय वापरा, बोलीतले शब्द घ्या, नामापासून क्रियापदे करा. या विषयावर त्यांनी 'वज़ा-ए-इस्तिलाहात' हे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. 

हा वाद मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे अरबीच्या जागी संस्कृत ठेवा, बाकी वाद तोच. १९६०नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने घडवलेल्या शब्दांची जी थट्टा झाली, तशीच थट्टा दारुल तर्जुमाच्या शब्दांचीही झाली. पण वापराने शब्द रुळतात. मानसशास्त्राला नफ्सियात, अर्थशास्त्राला मआशियात, समाजशास्त्राला उम्रानियात, जीवशास्त्राला हयातियात, वनस्पतीशास्त्राला नबातियात, अशी एक शिस्तबद्ध मालिकाच उस्मानियाच्या पुस्तकांनी रूढ केली. आज लाहोर-कराचीच्या विद्यार्थ्यापासून मालेगाव-भिवंडीच्या उर्दू शाळेतल्या मुलापर्यंत सगळे हेच शब्द वापरतात. ते कुठे आणि कसे रुळले, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

तीस वर्षांत दारुल तर्जुमाने शेकडो पुस्तके तयार केली. ग्रीक तत्त्वज्ञांपासून युरोपच्या इतिहासापर्यंत, कलनशास्त्रापासून शरीररचनाशास्त्रापर्यंत. 'शब्द कुठून आणणार, पुस्तके कुठून आणणार' या प्रश्नाचे उत्तर भारतात एकदा कामातून दिले गेले आहे.

पदवीची चौकट

इंटरमीजिएटची दोन वर्षे आणि बीएची दोन वर्षे, अशी रचना होती. १९२३च्या सुमारास पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली आणि त्याच सुमारास एमए आणि कायद्याचे वर्ग सुरू झाले. सगळ्यांना इंग्रजी सक्तीची. पदवीधराला जगाशी बोलता यावे, इंग्रजी ग्रंथ वाचता यावेत, ही दक्षता पहिल्यापासून होती. 'इंग्रजी की मातृभाषा' असा झगडा तिथे नव्हता. इंग्रजी भाषा म्हणून शिका, विषय मात्र आपल्या भाषेत समजून घ्या, असा विचार होता.

दुसरा सक्तीचा भाग धर्म आणि नीतीचा. मुस्लिम विद्यार्थ्यांना दीनियात, तर इतरांना अख्लाकियात म्हणजे नीतिशास्त्र. उरलेले विषय निवडीचे. त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, संस्कृत या भाषाही होत्या, पण विषय म्हणून. मराठीचा विभाग होता. ना. गो. नांदापूरकर यांच्यासारखे अभ्यासक तिथे शिकवत. नरहर कुरुंदकरांचे ते मामा. कुरुंदकरांच्या घडणीत या हैदराबादी मामांचा वाटा मोठा. उस्मानियात मराठी होती ती अशी : अभ्यासाचा विषय म्हणून सन्मानाने, ज्ञानाची भाषा म्हणून मात्र नाही.

मुख्य महाविद्यालय हैदराबादेत, शिवाय शहरातले सिटी कॉलेज, आणि औरंगाबाद, वरंगळ, गुलबर्गा इथे इंटरमीजिएट कॉलेजे. औरंगाबादचे कॉलेज १९२३चे. मौलवी अब्दुल हक काही वर्षे त्याचे प्राचार्य होते.

उर्दूतून शिकलेले कुठे पोचले?

मातृभाषेतल्या शिक्षणाविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा की, असा पदवीधर बाहेरच्या जगात टिकणार नाही. उस्मानियाच्या बाबतीत याचे उत्तर माणसांच्या रूपात मिळते.

रझिउद्दीन सिद्दिकी उस्मानियात गणित उर्दूतून शिकले. तिथून केंब्रिजला गेले आणि मग लाइपझिगला वर्नर हायझेनबर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. परत येऊन उस्मानियात शिकवू लागले. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले. पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी उस्मानियातून एमए आणि कायद्याची पदवी घेतली, मग बॉन आणि पॅरिसच्या विद्यापीठांतून डॉक्टरेट मिळवल्या. इस्लामी आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले.

मख्दूम मोहिउद्दीन यांनी १९३६मध्ये एमए केले, सिटी कॉलेजात शिकवले, आणि मग ते निज़ामाच्याच राजवटीविरुद्ध तेलंगणातल्या शेतकरी लढ्यात उतरले. कवी म्हणून ते उर्दूत अजरामर आहेत, नेता म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासात. निज़ामाच्या पैशावर चाललेले विद्यापीठ केवळ निज़ामनिष्ठ माणसे घडवत होते, हा समज मख्दूम यांच्याकडे पाहिले की टिकत नाही.

तेव्हा शैक्षणिक अंगाने पाहिले, तर प्रयोग यशस्वी झाला होता. मग तो कोसळला का?

पण मातृभाषा कुणाची?

हैदरींच्या युक्तिवादात एक भेग होती, आणि ती पायाशीच होती. मातृभाषेतून शिकवा, हे त्यांचे म्हणणे बरोबर. पण हैदराबाद राज्याची मातृभाषा उर्दू नव्हती. त्या काळच्या जनगणनेनुसार राज्यातले जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत. साधारण चौथा हिस्सा मराठी. त्यानंतर कन्नड. उर्दू ही मातृभाषा सांगणारे दहातले एक.

निज़ाम सरकारचे उत्तर असे की, उर्दू ही राज्याची सामाईक भाषा आहे. १८८०च्या दशकात फारसीच्या जागी ती कचेऱ्यांत आली होती. शहरांत सगळे ती बोलतात, अनेक हिंदू घराणीही तिच्यात पारंगत आहेत. यात काही खोटे नव्हते. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीचे हिंदू वकील, कारकून, देशमुख-देशपांडे सफाईदार उर्दू लिहीत. पण सामाईक भाषा वेगळी आणि मातृभाषा वेगळी. इंग्रजीविरुद्ध जो युक्तिवाद हैदरींनी केला, तोच बीडच्या किंवा नांदेडच्या मराठी मुलाने उर्दूविरुद्ध केला असता, तर त्याला काय उत्तर होते? त्याच्यासाठी एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली. वर इंग्रजी सक्तीची होतीच.

आणखी एक गोष्ट आपण मुसलमान लेखकही सहसा बोलत नाही. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुसलमान शेतकरी, विणकर, बागवान, आत्तार यांची घरची भाषा कोणती होती? दखनी, आणि दाराबाहेर मराठी. दारुल तर्जुमाची अरबी-फारसीने जड झालेली उर्दू त्यांच्या मुलांनाही शिकावीच लागत होती. त्या भाषेचे खरे वारस होते शहरातले अश्राफ, आणि उत्तरेतून नोकरीसाठी आलेले विद्वान. दखनीला, जी या मातीतली उर्दू, तिला या विद्यापीठात संशोधनाचा विषय म्हणून जागा मिळाली, शिकवण्याची भाषा म्हणून नाही. मराठीच्या शेजारीच दखनीही बाहेर उभी होती.

आता निज़ाम कॉलेजकडे येऊ. १८८७मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते आणि तिथले शिक्षण इंग्रजीतून चाले. उस्मानिया निघाल्यावर ते त्यात सामील झाले असते, तर समजण्यासारखे होते. तसे झाले नाही. ते मद्रासलाच जोडलेले राहिले, थेट १९४७पर्यंत. म्हणजे एकाच गावात, शेजारीशेजारी, दोन पदव्या मिळत होत्या. एक राज्याच्या अभिमानाची, उर्दूतली. दुसरी इंग्रजीतली, जिला सरहद्दीबाहेर सहज ओळख होती. ज्यांना परवडत होते आणि ज्यांना पुढचे दिसत होते, अशी घराणी आपली मुले कुठे पाठवत असतील, याचा अंदाज आजच्या पालकाला करता येईल. भाषेचा अभिमान भाषणात आणि मुलगा इंग्रजी शाळेत, ही रीत आपण काल शोधलेली नाही.

नोव्हेंबर १९३८

१९३४मध्ये अडिकमेटच्या माळावर आर्ट्स कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली. जागा सुचवणाऱ्यांत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होते, वास्तुविशारद बेल्जियमचे अर्नेस्ट जास्पर. गुलाबी ग्रॅनाइटची ही भव्य वास्तू १९३९मध्ये खुली झाली. तिच्या कमानी इस्लामी वळणाच्या आहेत, आणि आतले खांब अजिंठा-वेरूळची आठवण करून देतात. दगडात तरी राज्याच्या सगळ्या परंपरांना जागा द्यायची, अशी दृष्टी तिथे दिसते.

पण ही इमारत पुरी होण्याआधीच वर्गातली आणि वसतिगृहातली भेग उघडी पडली. नोव्हेंबर १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थी हटले नाहीत. लोण हैदराबाद, वरंगळ, गुलबर्ग्याला पोचले. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना आपल्याकडे घ्यायला अनेक विद्यापीठे कचरत असताना नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले. वरंगळच्या कॉलेजातून निघालेल्या अशाच एका विद्यार्थ्याने पुढचे शिक्षण नागपूर-पुण्यात घेतले, मराठी आत्मसात केली, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तेलुगूत नेली आणि पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव. उर्दूवरही त्यांचे प्रभुत्व होते, हे सांगायला हवे.

वंदे मातरम् गीताविषयी मुसलमानांच्या मनात जे प्रश्न होते, ते वेगळे आहेत आणि खरे आहेत. पण १९३८चा तंटा फक्त एका गीताचा नव्हता. विद्यापीठ आपल्या मुलखात आहे, आपल्या करातून चालते, आणि तरी ते आपले नाही, ही भावना अनेक वर्षे साठत आली होती. मराठी शाळा काढायला परवानग्यांचे अडथळे येत. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन या संस्था लोकांनी कष्टाने चालवल्या. त्या शाळांत मराठीत शिकलेल्या मुलाला पदवीसाठी उर्दूच्याच दारातून जावे लागे. मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही दारुल तर्जुमासारखे विभाग निघाले असते, तर १९३८चा रोष कदाचित इतका तीव्र झाला नसता. हैदरींकडे पैसा होता, पद्धत होती, अनुभव होता. राज्याची इच्छा नव्हती.

१९४८ नंतर

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात विलीन झाले. लगोलग उस्मानियाचे माध्यम बदलले. उर्दू गेली. तिच्या जागी तेलुगू, मराठी, कन्नड आली का? नाही. आली इंग्रजी.

या एका बदलात दोन नुकसाने झाली. उर्दू माध्यमातून शिकलेल्या पिढीचे ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी ठरले. उर्दूत शिकवणारे प्राध्यापक, उर्दूत लिहिणारे लेखक, अर्धवट अभ्यासक्रमातले विद्यार्थी, सगळ्यांना नव्याने मुळाक्षरे गिरवावी लागली. आधीच भयग्रस्त असलेल्या मुस्लिम मध्यमवर्गाला हा मोठा धक्का होता. त्यातले अनेक पाकिस्तानात गेले, काही घरी बसले. दारुल तर्जुमा इतिहासजमा झाला.

दुसरे नुकसान तेवढेच मोठे, पण त्याची कुणी फारशी खंत केली नाही. भारतीय भाषेत विद्यापीठ कसे चालवायचे, हे ज्ञान मावळले. पुस्तके आधी तयार करायची, भाषेचा आणि विषयाचा जाणकार एका टेबलाशी बसवायचा, भाषांतरकाराला पूर्णवेळ पगार द्यायचा, इंग्रजी सोबत ठेवायची, ही सगळी पद्धत मराठीला जशीच्या तशी वापरता आली असती. उर्दूवरचा राग पद्धतीवर निघाला. पुढे महाराष्ट्रात विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांसाठी ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले, त्याने चांगली पुस्तकेही काढली. पण विज्ञानाची पदवी मराठीतून, हे काही झाले नाही.

मराठवाड्याची नाळ उस्मानियाशी लगेच तुटली नाही. १९५०मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून गाजले. तेव्हा मराठवाड्यातली महाविद्यालये उस्मानियालाच जोडलेली होती. म्हणजे मराठवाड्यातल्या दलित पदवीधरांच्या पहिल्या पिढीच्या हाती जो पदवीचा कागद आला, त्यावर उस्मानियाचे नाव होते. १२ जानेवारी १९५३ रोजी याच विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि मग हा धागा सुटला.

आज काय घ्यायचे?

औरंगाबादच्या किल्ले अर्क भागात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. १९२३चे ते इंटरमीजिएट कॉलेज हेच. नावात 'कला' आणि 'विज्ञान' दोन्ही आहेत. एकेकाळी इथे दोन्ही उर्दूतून शिकवले गेले, मग दोन्ही इंग्रजीतून. आज महाराष्ट्रभर चित्र असे आहे की, कला शाखेचा विद्यार्थी मराठीतून पदवी घेतो आणि विज्ञानाचा इंग्रजीतून. इतिहास-राज्यशास्त्र आपल्या भाषेला पेलते, पदार्थविज्ञान पेलत नाही, हे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. उस्मानियाचा अनुभव सांगतो की, हे भाषेचे दुबळेपण नाही. तेवढे कष्ट आपण घेतले नाहीत, इतकेच.

उर्दू समाजानेही यातून काही घ्यायचे आहे. १९९८मध्ये हैदराबादेतच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ निघाले, उर्दूतून पदवीची सोय पुन्हा झाली. चांगली गोष्ट. पण 'जामिया उस्मानिया'चे नाव निघाले की आपण गहिवरतो आणि तिथेच थांबतो. नऊजणांच्या भाषा बाजूला सारून दहाव्याची भाषा ज्ञानाची ठरवली होती, हे कबूल केल्याशिवाय त्या गहिवराला अर्थ नाही. भाषा टिकते ती बोलणाऱ्यांच्या जिव्हाळ्यावर. सत्तेच्या आधारावर उभी केलेली भाषा सत्तेसोबतच पडते. १९४८मध्ये उर्दूचे तेच झाले, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत सत्तेत कधीच नसलेले गरीब मुसलमान जास्त होते.

आज मातृभाषेतून पदवीचा आग्रह पुन्हा जोरात आहे. त्याला माझा पाठिंबाच आहे. मी स्वतः मराठीत लिहिणारा मुसलमान आहे. पण नवे धोरण राबवणाऱ्यांना दोन प्रश्न विचारायला हवेत. पुस्तके आधी येणार की वर्ग आधी भरणार? आणि ज्याला तुम्ही मातृभाषा म्हणता, ती वर्गात बसलेल्या मुलाची आहे का, भिल्लाची, गोंडाची, कोरकूची, की त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उस्मानियाने उत्तम दिले होते. दुसऱ्याकडे तिने पाठ फिरवली, आणि त्यातच तिचा शेवट झाला.

दारुल तर्जुमाची अनेक पुस्तके आता इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेली सापडतात. शंभर वर्षांपूर्वीचे उर्दूतले पदार्थविज्ञान, आकृत्यांसह. ज्याला उर्दू वाचता येते, त्याने एकदा ते उघडून पाहावे. ज्याला येत नाही, त्याने शेजारच्या वाचणाऱ्याला सोबत घेऊन पाहावे.